मालाची लिफ्ट

“मला हात लावायचा नाही,” चंद्रकलाताई म्हणाल्या, आणि पुढं सरसावलेले दोन्ही हमाल जागच्या जागी थांबले.

जिन्याच्या तोंडाशी आम्ही सगळे घोळका करून उभे होतो. मी, ते दोन हमाल, ताईंचा भाऊ तुकाराम आणि दुकानाचे मालक शिवलिंगअप्पा. वर पहिल्या मजल्यावर ताईंच्याच लग्नाचा बस्ता बसला होता. नवऱ्याकडची सात-आठ माणसं गादीवर मांडी घालून बसली होती, त्यांचा चहा झाला होता, आणि होणाऱ्या सासूबाईंचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

“ह्यो नको, ह्याचे काठ लई जड हाएत. तिला पेलंल असा हलका दाखवा एखादा.”

शालू वर आणि नवरी खाली. मध्ये बावीस पायऱ्यांचा लोखंडी जिना, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा अरुंद.

“अहो ताई, त्यात काय एवढं?” अप्पा म्हणाले. “आपलीच माणसं हाएत. खुर्चीत बसवून अलगद वर नेतील. परवा एका म्हातारीला नेलं का नाही?”

“त्या आजारी असतील अप्पा. मी आजारी नाही, मी गिऱ्हाईक आहे.”

“मग इथंच बसा निवांत.” अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. “आमचा गंगाधर साड्या घेऊन खालीवर करंल. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं.”

“आणि आरसा? तोबी खाली आणंल का गंगाधर?”

अप्पा हसले. हमालही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या आरशाचं खूळ ताईंच्या डोक्यात भरवणारा मीच होतो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सहा वर्षं अप्पांच्या दुकानात साड्या दाखवत होतो. साडी दाखवायची म्हणजे नुसती घडी मोडून गिऱ्हाइकापुढं टाकायची नसते, पदर स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, निऱ्या पोटाशी धरायच्या आणि मिशा असलेल्या तोंडानं “बघा वहिनी, अंगावर कशी खुलते” असं म्हणायचं. माझी बायको म्हणायची, “माझ्यापेक्षा जास्त शालू तुम्हीच नेसलात.” खोटं नव्हतं ते.

चंद्रकलाताई आमच्या दुकानाच्या साड्यांना फॉल लावायच्या. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला. पायांत लोखंडी कॅलिपर, काखेत दोन कुबड्या. मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत भावाजवळ राहायच्या. दर दोन-तीन दिवसांनी मी सायकलवर साड्यांचं गाठोडं घेऊन त्यांच्याकडं जायचो. त्यांचा टाका शोधावा लागायचा इतका बारीक असायचा. तालुक्यातल्या बायका साडी घेताना विचारायच्या, “फॉल त्याच बाईकडून लावून देणार ना?”

गाठोडं सोडलं की एखादा भारी शालू त्या आधी मांडीवर घ्यायच्या, पदर खांद्यावर टाकायच्या आणि भिंतीवरच्या तळहाताएवढ्या आरशात वाकून बघायच्या. त्यात जेमतेम एक खांदा दिसायचा.

“गंगाधरभाऊ, तुमच्या वरच्या आरशात ह्यो कसा दिसत असंल हो?”

मग मी सांगायचो. जमिनीपासून छतापर्यंतचा आरसा, बाजूला दोन फिरत्या फळ्या, त्यांनाही आरसे. फळी फिरवली की आपली आपल्याला पाठ दिसते.

“पाठबी दिसती?” त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, आणि मी प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचो.

एकतिसाव्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं. मुलगा पंचायत समितीत शिपाई, पहिली बायको वारलेली. ठरल्याचं सांगताना त्या म्हणाल्या होत्या, “सात वर्षं दुसऱ्यांच्या शालूला फॉल लावला. माझा शालू मी त्या आरशात बघूनच घेणार. उभं राहून, पाठीसकट.” मी हो म्हटलं होतं. जिन्याचं माझ्याही डोक्यात आलं नाही. रोज पन्नास वेळा जो जिना मी धडाधडा चढायचो, तो जिना आहे हेच मी विसरून गेलो होतो.

वरून पुन्हा सासूबाई म्हणाल्या, “अवो, नवरीची काय वाट बघायची? बसूनच तर ऱ्हायची हाय ती. साधा काढा.”

ताईंचा चेहरा उतरला. तुकारामनं हळूच त्यांच्या दंडाला धरलं. “अक्के, चल, मी पाठकुळी घेतो. कोण बघतंय?”

“सगळे बघतेत. नवऱ्याकडच्या माणसांपुढं मी पोत्यावाणी जाऊ? अन् उद्यापासून त्यांच्या घरात नांदू?”

तेवढ्यात मागच्या अंगणातून घरघर ऐकू आली. ताईंनी कान टवकारले.

“ते काय वाजू लालंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मालाची लिफ्ट. गठ्ठे वर चढवतो आम्ही.”

“मालाला लिफ्ट आहे?”

मी मान डोलावली.

“मग मला माल समजा अन् न्या वर,” त्या म्हणाल्या.

अप्पांनी डोकं खाजवलं. एकदा जिन्याकडं बघितलं, एकदा दारातून आत येणाऱ्या दुसऱ्या वऱ्हाडाकडं. बस्ता उठून समोरच्या दुकानात गेला असता तर ते अप्पांना परवडणारं नव्हतं.

“बघ रे गंगाधर,” ते म्हणाले. “ने सावकाश.”

आता दुकानात माणसांची लिफ्ट आहे, आत गाणीही लागतात. तेव्हा मागच्या अंगणात होती ती म्हणजे चार फूट लांब-रुंद लाकडी फळी, लोखंडी चौकटीत बसवलेली, वर साखळी आणि मोटर. तिला भिंती नव्हत्या, कठडा नव्हता, दार तर नव्हतंच. वरच्या मजल्याच्या स्लॅबला चौकोनी भोक पाडलं होतं, त्यातून फळी वर-खाली जायची. भोकाच्या कडेला लोखंडी पट्टी, फळी आणि पट्टीत दोन बोटांचं अंतर. खाली एक बटण, वर एक बटण. दाबून धरलं की चालायची, सोडलं की थांबायची. सहा वर्षांत हजारो गठ्ठे मी त्यातून चढवले आणि उतरवले होते. गठ्ठ्याला काही सांगावं लागत नाही.

एक लहानसा गठ्ठा मी फळीवर ठेवला. ताई त्यावर बसल्या, कुबड्या आडव्या मांडीवर घेतल्या आणि दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. मी तुकारामला वर पाठवलं आणि बटण दाबलं. फळी वर जाऊ लागली तशा त्या खाली माझ्याकडं बघून हसल्या. “लई भारी हाय की हो!” असं काहीतरी म्हणाल्या. मोटरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

मी जिन्यानं धावत वर गेलो. बस्त्याच्या खोलीत सगळ्यांच्या माना लिफ्टच्या बाजूला वळल्या होत्या. कुबड्या टेकत त्या गादीपर्यंत आल्या, कॅलिपरच्या कड्या सोडून पाय लांब केले आणि इतर बायकांच्या ओळीत बसल्या. सासूबाई थोड्या सरकल्या.

“दाखवा गंगाधरभाऊ,” त्या म्हणाल्या. “भारीतला काढा.”

मी एक वांगी रंगाचा शालू काढला. काठ वीतभर, पदरावर मोर. सवयीनं तो माझ्या खांद्यावर घ्यायला लागलो, तर त्यांनी मान हलवली.

“तुमच्या नाही. माझ्या.”

“जड हाय गं तो,” सासूबाई म्हणाल्या.

“पेलतो मला, आत्या. सात वर्षं असलेच मांडीवर घेऊन बसलेय.”

नवरा मुलगा पहिल्यांदाच हसला. तुकारामच्या आधारानं त्या उठल्या आणि आरशासमोर जाऊन कुबड्यांवर उभ्या राहिल्या. मी शालू त्यांच्या खांद्यावर टाकला, पदर पाठीवर सोडला. बराच वेळ त्या समोर बघत राहिल्या. मग मी बाजूची फळी फिरवली.

“दिसती,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “पाठबी दिसती.”

मला तेव्हा फार बरं वाटलं. आजही त्या दिवसातलं तेवढंच आठवावं असं वाटतं.

शालू पेटीत घातला. ती पेटी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. फळीवरच्या गठ्ठ्यावर बसताना डाव्या हातानं पेटी छातीशी धरली, कुबड्या पायाशी ठेवायला सांगितल्या. उतरताना तोल जाऊ नये म्हणून उजव्या हातानं त्यांनी फळीची कड धरली. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं आणि पाठ माझ्याकडं. मी वर, बटणापाशी.

“गंगाधर, लवकर सोड रे!” खालून अप्पा ओरडले. “गिऱ्हाईक खोळंबलंय!”

मी बटण दाबलं. फळी चार बोटं खाली गेली असेल नसेल, ताई किंचाळल्या.

मला वाटलं, घाबरल्या. फळी सुटताना पहिला हिसका बसतोच. मी म्हणालो, “घाबरू नका ताई, आलंच खाली,” आणि बटण आणखी जोरात दाबून धरलं. त्या दुसऱ्यांदा किंचाळल्या. मग मी वाकून बघितलं.

फळीची कड धरलेली त्यांची बोटं स्लॅबच्या पट्टीत सापडली होती.

गठ्ठ्याला हात नसतात. “हात आत घ्या” हे तीन शब्द सहा वर्षांत मला कधी म्हणावे लागले नव्हते, त्या दिवशीही मी म्हणालो नाही.

फळी खाली पोचली तेव्हा त्या एका अंगावर कलंडल्या होत्या. अप्पा धावत आले. त्यांनी आधी पेटी उचलली. पेटी बंद होती, शालूला काही झालं नव्हतं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरली ती करंगळी आणि अंगठा. आठव्या दिवशी नवऱ्याकडून निरोप आला. सासूबाईंनी म्हणे सांगून पाठवलं, “पायाचं आम्हाला ठाऊक होतं. हाताचं ठरलं नव्हतं.”

हा निरोप मला तुकारामनं भर बाजारात, स्वतःच्या भाड्याच्या रिक्षाला पाठ टेकून सांगितला. तो रडत नव्हता, शिव्याही देत नव्हता. एवढंच म्हणाला, “अक्का तुमच्यावर रागवलेली नाही. म्हणती, त्याला कळलं नाही.”

त्याला काय सांगायचं? त्या निरोपाच्या आधीच एक गोष्ट होऊन गेली होती. लिफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत अप्पांनी मला बोलावलं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून दुकानातल्या सगळ्या पाट्या मीच रंगवायचो. ‘भाव एकच’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, सगळ्या माझ्याच. अप्पांनी एक पत्रा समोर टाकला.

“लिही. मालाची लिफ्ट, माणसांनी बसू नये.”

मी लिहिलं.

“लई नवी दिसती,” अप्पा म्हणाले. मी देवघरातली राख आणून तिच्यावर चोळली, कोपऱ्यावर खिळ्यानं ओरखडे काढले आणि पाटी बटणाच्या वर ठोकली. कामात मी पहिल्यापासून हुशार. बघणाऱ्याला दहा वर्षांची वाटावी अशी ती पाटी झाली होती.

दोन-अडीच महिन्यांनी जिल्ह्याच्या ग्राहक मंचाची नोटीस आली. सोबत ताईंच्या अर्जाची नक्कल. वकील नव्हता, अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता, डाव्या हातानं. पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी मोठी, वाकडी अक्षरं. अप्पांच्या चष्म्याची काडी मोडली होती म्हणून वाचून मीच दाखवला.

त्यात दोन मागण्या होत्या. एक, भरपाई. दुसरी मला अजून पाठ आहे. ‘मी सदर दुकानाची गिऱ्हाईक आहे. इतर गिऱ्हाइकांना जसं वर जाता येतं, तसं मला व माझ्यासारख्या सर्वांना, कुणी न उचलता, वर जाता यावं अशी सोय दुकानानं करावी.’

त्याखाली लिहिलं होतं, साक्षीदार: श्री. गंगाधर काशिनाथ फुलारी.

“बघ,” अप्पा म्हणाले. “ती तुला तिचा साक्षीदार म्हणती.”

मी नक्कल घडी करून अप्पांपुढं ठेवली.

“बटण कुणाच्या हातात होतं, गंगाधर?”

“माझ्या.”

“मग? दुकानाचं काय, दोन पैसे जातील फार तर. पोलिसात गेली तर आत कोण जाईल? बायकोला कितवा महिना म्हणालास?”

“सातवा.”

“वकिलानं कागद तयार केलाय. पाटी आधीपासून होती, अन् तू हात आत घ्या म्हणून सांगितलं होतंस. तिनं हट्टानं ऐकलं नाही. सही कर.”

मी सही केली. झोकदार सही आहे माझी. त्यानंतर मी मारुतीच्या गल्लीतून जाणं सोडलं, लांबच्या वाटेनं घरी जायला लागलो.

ग्राहक मंच जिल्ह्याच्या गावी एका भाड्याच्या जुन्या इमारतीत होता, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. पहिल्या तारखेला ताई खालीच थांबल्या आणि तुकारामच्या हातून वर चिठ्ठी पाठवली, की माझं म्हणणं खाली येऊन ऐकावं. कारकुनानं चिठ्ठी फायलीला लावली आणि पुढची तारीख दिली. दुसऱ्या तारखेलाही तेच. तिसऱ्या तारखेसाठी लेखी कळवलं, अर्जदारानं समक्ष हजर राहावं, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल. हे सगळं आमचे वकील अप्पांना हसत हसत सांगायचे. माल खरेदी केलेल्या माणसानं दाद मागायची जागा छत्तीस पायऱ्या चढून होती, ह्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. मलाही तेव्हा बरंच वाटायचं. माझी साक्ष टळत होती.

त्या तिसऱ्या तारखेला अकराच्या सुमाराला आम्ही पोचलो. भारनियमन सुरू होतं. इमारतीखालच्या झेरॉक्सच्या दुकानाचा जनरेटर धडधडत होता, त्यामुळं जिन्यात शेजारच्याचंही धड ऐकू येत नव्हतं. अप्पा आणि वकील वर गेले. मी पहिल्या मजल्यावरच्या वळणापाशी पाणी प्यायला थांबलो. तिथं एक रांजण होता.

पाण्याचा गिलास तोंडाला लावताना खाली लक्ष गेलं.

ताई जिना चढत होत्या. उभं राहून नाही. पायरीवर बसून, पाठ वरच्या बाजूला करून. डावा हात वरच्या पायरीवर टेकायचा, अंग उचलायचं, वर बसायचं, मग दोन्ही पाय हातानं ओढून घ्यायचे, मग कुबडी ओढायची. एकच कुबडी होती, उजव्या हाताला आता दुसरी धरता येत नव्हती. तो हात त्यांनी पदरात गुंडाळला होता. तुकाराम दिसला नाही, रिक्षाचं भाडं घेऊन गेला असावा. त्या एकट्याच होत्या आणि सातव्या-आठव्या पायरीपर्यंत आल्या होत्या. पातळ मागून सगळं धुळीनं माखलं होतं.

पुन्हा त्यांची पाठ माझ्याकडं होती.

वरून शिपायानं पुकारा केला. “चंद्रकला सुरवसे! हाजिर हाय का?”

“आले हो!” ताई ओरडल्या. “चढू लालेय! थोडं थांबा!”

जनरेटरच्या धडधडीत तो आवाज वळणापर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत आला. त्याच्या वर गेला नाही.

“चंद्रकला सुरवसे!” दुसऱ्यांदा.

“आले म्हणते ना! इथं हाय मी!”

त्यांनी घाईनं हात टेकला, तो घसरला. कुबडी निसटून खडखडत चार पायऱ्या खाली गेली. त्यांनी तिकडं बघितलंही नाही, पुढची पायरी चढल्या.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर शिपाई कठड्यावरून वाकला. त्याला खालचं दिसत नव्हतं, मी तेवढा दिसत होतो.

“ओ पाव्हणं! खाली कोणी बाई हाय का?”

किती वेळ गेला सांगता येत नाही. बटण दाबून धरलं होतं तेवढाच असेल. वर गेल्या तर त्या मला समोर उभं करणार होत्या. गंगाधरभाऊ, पाटी होती का? गंगाधरभाऊ, हात आत घ्या म्हणालात का? त्यांच्या तोंडावर मला खोटं बोलता आलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं बोललो असतो तर दिवस भरत आलेली बायको डोळ्यांपुढं होती. मी भित्रा आहे, तेव्हाही होतो. ह्याला दुसरा शब्द मी आजवर शोधलेला नाही.

जनरेटरमुळं मला ओरडून सांगावं लागलं.

“कोणी नाही!”

शिपाई आत गेला.

खाली ताईंचा हात पायरीवर टेकलेला होता, तो तसाच राहिला. त्यांनी मान वळवली नाही, पुढची पायरीही चढल्या नाहीत.

दहा मिनिटांनी अप्पा आणि वकील हसत खाली आले. “अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली,” वकील म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जिना अरुंद, ताई मधोमध बसलेल्या. वकिलांनी फाइल डोक्यावर धरून भिंतीला चिकटून पाय टाकला. अप्पांनी जाता जाता हात जोडले.

“नमस्कार ताई. कशाला एवढा त्रास घेतलात?”

मागून मी. खालपर्यंत जाऊन मी कुबडी उचलली, परत वर आलो आणि त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवली. तेव्हा जनरेटर बंद पडला. वीज आली असावी.

“गंगाधरभाऊ,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, साड्यांचं गाठोडं सोडताना असायचा तसा. “त्या दिवशी मी ओरडले, तुम्हाला वाटलं घाबरले. चुकतं माणसाचं. म्हणून तर मी तुमचं नाव साक्षीदारात घातलं. म्हटलं, ह्यो माणूस खरं बोलंल.”

त्यांनी धुळीनं माखलेला हात पातळाला पुसला.

“आज ओरडले तेव्हा काय वाटलं तुम्हाला?”

बाहेरून अप्पा हाका मारत होते. मी निघालो. फाटकातून मागं वळून बघितलं तेव्हा त्या तिथंच बसल्या होत्या. कुबडीला त्यांनी हात लावलेला नव्हता.

पुढच्या महिन्यात अप्पांनी मला वरच्या मजल्याचा मुख्य केलं. बस्ते सगळे माझ्या हाताखाली. मुलगी झाली, बारसं झालं, अप्पांनी झबलं-टोपडं दिलं.

त्या पेटीतला वांगी रंगाचा शालू लग्न मोडल्यापासून दुकानातच, मागच्या फडताळात पडून होता. घडी मोडलेला शालू नव्याच्या भावात जात नाही, पण घडी परत जशीच्या तशी बसवणं मला येतं. एके दुपारी रिकामा वेळ बघून मी ती बसवली. मोर मोरावर, काठ काठावर. मोडल्याची खूण कुठं राहिली नाही.

त्या लग्नसराईत एक बस्ता आला. नवरी वीस-एकवीसची, जिना दोन-दोन पायऱ्या करत चढून आली आणि थेट आरशापुढं उभी राहिली.

“काका, वांगी रंगात काही आहे?”

मी तो शालू काढला. पदर माझ्या खांद्यावर घेतला, निऱ्या पोटाशी धरल्या आणि समोर बघितलं. आरशात वांगी शालू पांघरलेला एक मिशाळ माणूस होता. मुलीनं बाजूची फळी फिरवली. पाठही दिसली.

“हाच,” ती आईला म्हणाली. “फॉल लावून द्याल ना? ती एक बाई आहे ना तुमच्याकडं, तिचा टाका म्हणे दिसतच नाही. तिच्याकडूनच लावायचा.”

“ती आता करत नाही.”

“मग दुसरं कोण आहे, तसं लावणारं?”

शालू माझ्या खांद्यावर होता. खरंच जड होता तो.

“कोणी नाही,” मी म्हणालो.